एटीपीत ऊर्जा साठवलेलीच नसते, मग पेशी जगते कशावर?

अबोली:

अकरावीच्या मुलांना शिकवताना दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी रास्त आहे. रसायनशास्त्राच्या तासाला त्यांनी ऐकलेलं असतं की रासायनिक बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. पुढच्या तासाला जीवशास्त्राचं पुस्तक सांगतं की एटीपीचा, म्हणजे पेशीतली कामं ज्याच्यावर चालतात त्या रेणूचा, शेवटचा फॉस्फेट-बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? बहुतेक मुलं दोन्ही वाक्यं पाठ करतात आणि दोन्ही पेपरांत गुण मिळवतात. गोंधळ तसाच राहतो, अगदी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षापर्यंत. म्हणून हा धागा.

आधी बंधाचं बघू. बंध तोडायला ऊर्जा लागतेच, एटीपी त्याला अपवाद नाही. पण पेशीत नुसता बंध तुटून काम थांबत नाही. एटीपीची पाण्याशी प्रक्रिया होते, काही बंध जातात, काही नवे होतात आणि शेवटी हाती उरतात एडीपी, म्हणजे दोनच फॉस्फेट राहिलेला रेणू, आणि सुटा फॉस्फेट. एटीपीत तीन फॉस्फेट एकाला एक लागून असतात आणि त्यांच्यावर मिळून जवळजवळ चार ऋणभार असतात. हे भार एकमेकांना सतत लोटत असतात. एक फॉस्फेट सुटला की हा ताण कमी होतो, सुट्या फॉस्फेटवरचा भार त्याच्या ऑक्सिजन अणूंवर पसरतो आणि पाण्याचे रेणू दोघांनाही नीट वेढून घेतात. म्हणजे सुरुवातीपेक्षा शेवट जास्त स्थिर. या दोन अवस्थांमधला फरक म्हणजे ती ऊर्जा. प्रमाण परिस्थितीत ती मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं ठरलेलं माप) ३०.५ किलोज्यूल भरते.

पण प्रमाण परिस्थिती म्हणजे प्रत्येक पदार्थ लिटरमागे एक मोल. कुठल्याच जिवंत पेशीत असं नसतं. पेशीत तीच प्रक्रिया मोलमागे ५० किलोज्यूलच्या आसपास देते. रेणू तेच, बंध तोच, मग वरचे वीस किलोज्यूल आले कुठून? माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म या प्रश्नात आहे.

समजा एका परीक्षानळीत एटीपी, एडीपी आणि फॉस्फेट घेतले, योग्य ते एन्झाइम घातलं आणि नुसती वाट पाहिली. काही वेळाने समतोल येईल. जवळजवळ सगळं एटीपी फुटलेलं असेल, किंचित उरलेलं असेल. हे उरलेलं एटीपी काडीचंही काम करू शकणार नाही. रेणू तोच असला तरी त्याच्यात दम नाही. पेशी मात्र हा समतोल कधी येऊच देत नाही. तिच्यात एका एडीपीमागे साधारण दहा एटीपी असतात. समतोलाशी तुलना केली तर हे प्रमाण कोट्यवधी पटींनी कललेलं आहे. काम करण्याची ताकद या कलण्यात आहे. धरणाचंच बघा ना. पाण्याच्या थेंबात वीज नसते, ती वरच्या आणि खालच्या पातळीतल्या फरकात असते. दोन्हीकडे पाणी एका पातळीला आलं तर कितीही टीएमसी साठा असला तरी टर्बाइन हलणार नाही.

म्हणून ‘एटीपीत ऊर्जा साठवलेली असते’ हे वाक्य मला खटकतं. पेशी ऊर्जा साठवून जगत नाही, असमतोल टिकवून जगते. साठा असतो तो ग्लायकोजेनचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा, आणि चरबीचा. एटीपीचा साठा हास्यास्पद वाटावा इतका कमी असतो. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या शरीरात कुठल्याही क्षणी शंभरेक ग्रॅम. जोरात पळणाऱ्या स्नायूला त्याचं स्वतःचं एटीपी दोनेक सेकंद पुरतं.

आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. एटीपी फुटणं ऊर्जेच्या दृष्टीने इतकं फायद्याचं असूनही नुसत्या पाण्यात ते आपणहून चटकन फुटत नाही. एन्झाइम आल्याशिवाय ते बराच काळ तसंच राहतं. हे फार मोलाचं आहे. कुठे, कधी आणि कशासाठी फोडायचं हे एन्झाइमच्या हातात राहतं, म्हणून पेशीला नियंत्रण शक्य होतं. एन्झाइमही ते नुसतं फोडत नाहीत. नुसतं फोडलं तर सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाईल. फॉस्फेट उचलून थेट दुसऱ्या रेणूला जोडायचा, किंवा फुटण्याच्या ओघात एखाद्या प्रथिनाचा आकार बदलायचा, ही खरी पद्धत. ग्लुकोज पेशीत शिरल्याबरोबर हेक्झोकायनेज त्याला एटीपीचा फॉस्फेट लावतं. सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीतल्या खर्चाचा पाचवा हिस्सा एकटा घेतो. त्यातला मोठा भाग हे पंप चालवण्यात जातो.

एटीपी परत भरण्याचा मार्ग थोडक्यात सांगते, कारण तो सगळ्या पुस्तकांत आहे. ग्लुकोजचं दहा पायऱ्यांत पायरुव्हेट होतं, निव्वळ दोन एटीपी मिळतात. ऑक्सिजन असेल तर पायरुव्हेट तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात जातं. तिथे क्रेब्ज चक्र, म्हणजे त्याचं पुढचं विघटन करणारी प्रक्रियांची मालिका, फिरतं आणि निघालेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. वाटेत त्यांच्या ऊर्जेवर प्रोटॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलाबाहेर, म्हणजे पातळ आवरणाबाहेर, ढकलले जातात. हे पटल पाच-सहा नॅनोमीटर जाड आणि त्याच्या दोन बाजूंमध्ये दीडशेहून जास्त मिलिव्होल्टचा फरक. आकडा छोटा वाटतो, पण जाडीने भागून बघा. मीटरमागे सुमारे तीन कोटी व्होल्ट येतात. हे प्रोटॉन एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून परत आत येतात आणि येताना त्याचा मधला दांडा गरागरा फिरवतात. एका फेऱ्याला तीन एटीपी.

हा दांडा खरंच फिरतो. १९९७ मध्ये जपानमध्ये नोजी, योशिदा आणि किनोसिता यांच्या गटाने या प्रथिनाचा डोक्याकडचा भाग काचेला चिकटवला, मधल्या दांड्याला अॅक्टिन या स्नायूतल्या प्रथिनाचा चमकणारा धागा जोडला आणि एटीपी घातलं. सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा गोल फिरताना दिसला. एकेका रेणूचं फिरणं डोळ्यांनी पाहिलं त्यांनी. मी तो व्हिडिओ दर वर्षी वर्गात दाखवते आणि दर वर्षी वर्ग गप्प होतो.

नियंत्रणाचं खाली प्रतिसादांत लिहिते. आधी प्रश्न येऊ देत.

घाटवाट:

अप्रतिम लिहिलंय, धाग्याची सदस्यता घेतली. ‘माणूस दिवसाला स्वतःच्या वजनाइतकं एटीपी वापरतो’ असं कुठेतरी वाचलं होतं आणि ते फेकाफेकी समजून सोडून दिलं होतं. शंभर ग्रॅमचा साठा असेल तर हे जमतं कसं?

अबोली:

फेकाफेकी नाही. हिशेब घरी करता येतो. रोजचा आहार २००० किलोकॅलरी धरा, म्हणजे साधारण ८४०० किलोज्यूल. त्यातला ४० टक्के भाग एटीपीपर्यंत पोहोचतो असं धरलं तर ३३६० किलोज्यूल. पेशीत मोलमागे ५० म्हटलं तर ६७ मोल. एटीपीचा एक मोल ५०७ ग्रॅमचा. गुणाकार केला की ३४ किलो. प्रमाण परिस्थितीतले ३०.५ धरून भागलं तर ५५ किलोच्या वर जातं, म्हणून पुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतात.

आता ३४ किलोला शंभर ग्रॅमने भागा. प्रत्येक रेणू दिवसात सुमारे ३४० वेळा फुटतो आणि परत जोडला जातो, सरासरी दर चार मिनिटांनी एकदा. आणि हे बसून राहणाऱ्या माणसाचं. तुम्ही घाट चढत असाल तेव्हा मांडीच्या स्नायूत हा वेग कितीतरी वाढतो.

अकरावी_ब:

मॅडम, मग परीक्षेत ‘उच्च-ऊर्जा बंध’ असं लिहायचं की नाही? आमच्या नोट्समध्ये नागमोडी रेघ काढून दाखवलाय.

अबोली:

लिहा, गुण जाणार नाहीत. ती नागमोडी रेघ फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये रूढ केली आणि त्यांचा मुद्दा फार मोलाचा होता. अन्नातून निघालेली ऊर्जा आणि पेशीची कामं या दोन टोकांना फॉस्फेटची देवाणघेवाण जोडते, हा तो मुद्दा. फक्त लिहिताना मनात ठेवा की ऊर्जा त्या एका रेघेत बसलेली नसते. प्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची अवस्था आणि दोन्हीकडच्या रेणूंचं प्रमाण या सगळ्यांचा तो मिळून हिशेब आहे. जेईई-नीटला रसायनशास्त्रात यावर प्रश्न आला तर हेच उपयोगी पडेल.

आणि एका ग्लुकोजमागे ३८ की ३२, हा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच सांगते. जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ असतं, कारण एका एनएडीएचमागे (एनएडीएच आणि एफएडीएच-२ हे साखळीपर्यंत इलेक्ट्रॉन नेणारे रेणू) पूर्ण तीन एटीपी धरायचे. प्रत्यक्षात प्रोटॉन मोजले की ते अडीच भरतात आणि एफएडीएच-२ मागे दीड. म्हणून आता ३० ते ३२ मानतात. बोर्डाच्या पुस्तकात जो आकडा असेल तो बोर्डाला लिहा.

जुनी वही:

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य गेलं, म्हणून एक नाव या धाग्यावर यायलाच हवं असं वाटतं. येल्लाप्रगडा सुब्बाराव. १८९५ साली भीमावरमला जन्म, मद्रास मेडिकल कॉलेजात शिक्षण, मग हार्वर्ड. १९२५ मध्ये सायरस फिस्के आणि सुब्बाराव यांनी रक्त-लघवीतला फॉस्फरस मोजायची पद्धत दिली. मॉलिब्डेट घालायचं, क्षपणक घालायचं आणि निळा रंग किती गडद येतो ते मोजायचं. आमच्या पिढीने सीरम फॉस्फरस याच पद्धतीने केलाय. परीक्षानळीत तो निळा चढताना पाहिला की आजही बरं वाटतं.

या पद्धतीनेच पुढचा शोध लागला. स्नायूच्या अर्कात हा निळा रंग नेहमीसारखा झटकन न चढता हळूहळू वाढत जातो हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे फॉस्फेट कशाला तरी जोडलेला आहे आणि आम्लात सुटतो आहे. १९२७ मध्ये त्यातून फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे स्नायूत फॉस्फेट धरून ठेवणारा रेणू, हाती लागलं, १९२९ मध्ये एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही ते स्वतंत्रपणे मिळालं. एवढं करूनही सुब्बारावांना हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. ते लेडर्ले कंपनीत गेले आणि तिथे फॉलिक आम्ल, मेथोट्रेक्सेट अशा कामांत त्यांचा मोठा वाटा राहिला. १९४८ मध्ये वारले. आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना हे नाव माहीत आहे? सी. व्ही. रामन यांच्याबरोबर हे नाव शाळेत शिकवलं पाहिजे.

अबोली:

जुनी वही, मनापासून आभार. माझ्या वर्गात आता हे नाव आधी येईल.

घाटवाट:

माझा नेहमीचा प्रश्न. राजगड उतरून आलो की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात लॅक्टिक ॲसिड साठलं. हे खरं का? आणि दमून पाय उचलेनासे होतात तेव्हा एटीपी संपलेलं असतं का?

अबोली:

दोन्हींचं उत्तर नाही.

जोरात चढताना ग्लुकोजचं विघटन इतक्या वेगाने होतं की निघालेलं सगळं पायरुव्हेट तंतुकणिकांना झेपत नाही. मग त्याचं लॅक्टेट होतं. असं करताना एनएडी, म्हणजे इलेक्ट्रॉन उतरवून रिकामं झालेलं एनएडीएच, मोकळं होतं, आणि ते मोकळं झाल्याशिवाय विघटनाची पुढची फेरी सुरूच होऊ शकत नाही. म्हणजे लॅक्टेट तुम्हाला थांबवत नाही, उलट चालू ठेवतं. हृदय ते थेट इंधन म्हणून वापरतं. यकृत त्याचं परत ग्लुकोज बनवून रक्तात सोडतं. त्यासाठी यकृताला सहा एटीपी मोजावे लागतात, तर स्नायूला त्या ग्लुकोजपासून मिळालेले असतात दोन. तोटा यकृत सोसतं, कारण त्या घटकेला स्नायूला गरज जास्त असते. कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याने हे चक्र उलगडलं, १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विश्रांती घेतली की तासा-दीड तासात लॅक्टेट पूर्ववत होतं. तुमचे पाय आंबतात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ती स्नायूतंतूंना झालेली बारीक इजा असते आणि उतरताना ती जास्त होते, कारण मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दमलेल्या स्नायूतही बरंच एटीपी असतं. ते खरोखर संपलं तर स्नायू ढिला पडत नाही, उलट ताठ होतो, कारण स्नायूतलं ओढणारं प्रथिन मायोसिन, त्याला अॅक्टिनपासून सुटायलाच एटीपी लागतं. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते यामुळे. जिवंत शरीर ती पाळी येऊच देत नाही. पहिले दहाएक सेकंद फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट एडीपीला देत राहतं. पुढे फॉस्फेट साचणं, कॅल्शियम कमी सुटणं, मेंदूकडून येणारा जोर कमी होणं, असे वेगवेगळे लगाम पडतात. दमणं हा त्या असमतोलाला दिलेला पहारा आहे.

ओवी:

नियंत्रणाचं लिहिणार होतात ना? वाट बघतेय.

अबोली:

हो, आता तेच.

पेशीने स्वतःची स्थिती ओळखायची कशी? एटीपी मोजून? ते तर कमी होऊच द्यायचं नाहीये. जे स्थिर ठेवायचं आहे त्याच्यातला बदल फार लहान असतो, त्यावरून काही कळायला उशीर होतो. पेशी लक्ष ठेवते एएमपीवर, म्हणजे एकच फॉस्फेट राहिलेल्या रेणूवर, आणि त्यामागची आकडेमोड मला फार सुंदर वाटते.

अॅडिनायलेट कायनेज नावाचं एक एन्झाइम दोन एडीपी घेऊन एक एटीपी आणि एक एएमपी करतं. ही प्रक्रिया सहज उलटसुलट होते आणि तिचा समतोल स्थिरांक जवळपास एक आहे. म्हणून एएमपीचं प्रमाण साधारणपणे एडीपीचा वर्ग भागिले एटीपी. आता सोपे आकडे घ्या. एटीपी १०, एडीपी १, तर एएमपी ०.१. एकूण ११.१. समजा काम वाढलं आणि एटीपी दहा टक्क्यांनी उतरून ९ झालं. उरलेले २.१ एडीपी आणि एएमपीत वाटले जातील. समीकरण सोडवलं तर एडीपी येतं १.७५ च्या आसपास आणि एएमपी ०.३४. म्हणजे एटीपी दहा टक्के खाली, एडीपी पावणेदोन पट वर आणि एएमपी जवळजवळ साडेतीन पट वर. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

इतकी मोठी हाक असली की ती ऐकायला एन्झाइम लागतात, आणि ते आहेत. ग्लुकोज विघटनाच्या तिसऱ्या पायरीवरचं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे पहिलं. एटीपी त्याचा कच्चा माल आहे, पण एटीपी भरपूर असेल तर तेच त्याच्या दुसऱ्या जागी बसून त्याला मंद करतं. एएमपी आलं की ही मंदी उठते. क्रेब्ज चक्रातून सायट्रेट जास्त झालं तर तेही याला आवरतं. म्हणजे पुढे माल तुंबला की मागचं दार ओढून घेतलं जातं, कुणी वरून हुकूम देत नाही.

दुसरं एन्झाइम एएमपीके. हे एएमपीने जागं होतं आणि मग पेशीचा सगळा कल बदलतो. चरबी बनवायचं काम थांबवतं, चरबी जाळायचं काम वाढवतं, स्नायूत ग्लुकोज आत घेणारी दारं पटलावर आणून बसवतं, नवी प्रथिनं बनवण्याचा वेग कमी करतं. व्यायामाने मधुमेहींची साखर उतरते त्यात याचा मोठा हात आहे.

डॉ. सदाफुली:

छान मांडलंय. रोज ओपीडीत मधुमेहासाठी मेटफॉर्मिन लिहितो, म्हणून भर घालतो. मेटफॉर्मिन तंतुकणिकांतल्या इलेक्ट्रॉन साखळीच्या पहिल्या टप्प्याला हलकासा अटकाव करतं. त्यामुळे यकृतात एएमपी वाढतं आणि नवं ग्लुकोज बनवणं कमी होतं. एएमपीके हा त्यातला एक मार्ग, त्याशिवाय होणारे परिणामही आहेत, त्यामुळे ‘मेटफॉर्मिन म्हणजे एएमपीकेची गोळी’ इतकं सोपं करू नये. मूत्रपिंड फार खराब असेल तर हे औषध थांबवावं लागतं, कारण लॅक्टेट साठण्याचा धोका वाढतो. आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही डोस बदलू नका.

आणि एक कळकळीची विनंती. ‘फॅट बर्नर’ म्हणून डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी, इंटरनेटवर विकलं जातं. जिममधल्या मुलांपर्यंत ते पोहोचतं. हे औषध प्रोटॉनना पटलातून आडवाटेने आत घेऊन येतं. एटीपी सिंथेज फिरतच नाही, अन्न जळत राहतं आणि सगळी ऊर्जा उष्णता होते. वजन उतरतं हे खरं आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन कमी करायला सर्रास दिलं गेलं, मोतीबिंदू आणि मृत्यू दिसू लागले, आणि १९३८ मध्ये ते माणसांना देण्यास अयोग्य ठरवलं गेलं. ताप चढत जातो, पॅरासिटामॉलने उतरत नाही आणि उतारा नाही. बरी करणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. ओळखीत कुणी घेत असेल तर आजच थांबवा.

अबोली:

डॉक्टर, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. पहिल्या पोस्टला याची जोड द्यायला हवी इतकं ते महत्त्वाचं आहे.

एवढं सांगते की निसर्ग हीच आडवाट जपून वापरतो. तान्ह्या बाळाला हुडहुडी भरत नाही. त्याच्या मानेजवळ आणि दोन खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांत यूसीपी-१ नावाचं प्रथिन प्रोटॉनना थेट आत सोडतं आणि बाळ ऊबदार राहतं. फरक असा की हे दार फक्त त्या पेशींत आहे, थंडी वाजली की उघडतं आणि ऊब आली की मिटतं.

गारवेल:

मला शास्त्रातलं फार कळत नाही पण हे वाचून विचारावंसं वाटलं. मटकीला मोड आणायला फडक्यात घट्ट बांधून ठेवते. सकाळी पुरचुंडी सोडताना आत हात घातला की चांगलीच ऊब लागते. हे तेच का?

अबोली:

तेच! कोरड्या मटकीत श्वसन इतकं मंद असतं की कळतही नाही. पाणी मिळालं की एन्झाइम कामाला लागतात, स्टार्चची साखर होते आणि श्वसन वेगाने सुरू होतं. अन्नातली निम्म्याहून जास्त ऊर्जा एटीपी बनतानाच उष्णता होते आणि पुढे एटीपी वापरलं गेलं की त्यातलीही बहुतेक उष्णताच होते. फडक्यात हवा खेळत नाही म्हणून ती तुमच्या हाताला जाणवते. फार वेळ तशीच ठेवली तर मटकीला वास येतो, कारण आतल्या दाण्यांना ऑक्सिजन पुरत नाही आणि चिकटपणा आणणाऱ्या जिवाणूंचं फावतं.

ओवी:

उपवासाबद्दल विचारायचं होतं. ‘सोळा तास उपाशी राहिलं की पेशी स्वतःला साफ करतात, यालाच नोबेल मिळालं’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय.

अबोली:

अर्धं खरं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं ते पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरते ती प्रक्रिया उलगडल्याबद्दल. त्यांचं काम यीस्टवर होतं, त्यांनी यीस्टला नायट्रोजनविना उपाशी ठेवलं होतं. माणसाने किती तास जेवू नये हा त्यांच्या कामाचा विषयच नव्हता. एएमपीके ही प्रक्रिया सुरू करण्यात मदत करतं, त्यामुळे उपाशी राहण्याशी तिचा संबंध आहे. पण सोळा तास हा आकडा त्या नोबेलमधून येत नाही. आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाटा असं जेवलं तर पेशीला स्टार्च आणि चरबी भरपूर मिळत असतात. उपवास श्रद्धेने जरूर करावा, पण पेशींच्या साफसफाईचं कारण त्याला जोडू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच.

निफाडकर:

मटकीचं वाचलं म्हणून लिहितो. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला की ढीग उंच झाला तर मधला कांदा गरम लागतो, तिथूनच सड सुरू होते. वजनातही घट येते. म्हणजे कांदा स्वतःच स्वतःला खातो असं म्हणायचं का? आणि तसं असेल तर एक शंका. हवाच बंद केली, प्लास्टिकने गच्च झाकलं, तर श्वसन थांबून कांदा जास्त टिकायला नको का?

अबोली:

दादा, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. पहिल्या भागाचं उत्तर हो. कांदा जिवंत आहे. काढल्यानंतरही त्याच्या पेशींना तो असमतोल टिकवायचा असतो, त्यासाठी ते आपलीच साखर जाळतात. साखर जाते, पाणी उडतं, वजन घटतं. उष्णता बाहेर पडते आणि तापमान वाढलं की श्वसन आणखी वाढतं. ढोबळमानाने दर दहा अंशांना दुपटीच्या आसपास. मधल्या कांद्याची उष्णता बाहेर पडायला वाट नसेल तर ती वाढतच जाते. म्हणून चाळ जमिनीपासून उचललेली, खालून आणि बाजूंनी हवा खेळती, ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नाही, हे सगळे नियम त्या एका कारणातून आलेले आहेत.

दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र उलटं. १८६१ मध्ये लुई पाश्चरने यीस्टवर पाहिलं की हवा बंद केली की यीस्ट साखर कमी खात नाही, जास्त खातं. वरचा हिशेब लावला की कारण कळतं. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमागे ३० एटीपी, नसताना दोन. पेशीची गरज संपलेली नसते. एटीपी जरा घसरलं की एएमपी चढतं, फॉस्फोफ्रुक्टोकायनेजवरचा लगाम सुटतो आणि साखर भराभर उडू लागते. कांद्यात ऑक्सिजन पूर्ण तोडला तर तेच होईल. अल्कोहोल आणि इतर पदार्थ साचतील, पेशी पंप चालवू शकणार नाहीत, पटलं सैल पडून आतला रस बाहेर येईल आणि बुरशीला आयतं खाद्य मिळेल. त्यात प्लास्टिकखाली ओल धरते ती वेगळीच.

सफरचंदं महिनोन् महिने ठेवतात त्या शीतगृहांत ऑक्सिजन कमी करतात, पण साधारण दोन-तीन टक्क्यांवर आणून थांबवतात, शून्यावर नेत नाहीत. आणि तिथे आधी तापमान शून्याजवळ उतरवलेलं असतं, म्हणजे पेशीची गरजच कमी केलेली असते. साध्या चाळीत हे जमणार नाही.

निफाडकर:

समजलं ताई. आमच्याकडे पावसाच्या भीतीने चारही बाजूंनी ताडपत्री लावायची पद्धत आहे.

अबोली:

पावसाची झड येते तेवढ्याच बाजूला लावा, तीही वरून अर्ध्यापर्यंत, आणि पाऊस उघडला की गुंडाळून ठेवा. तळाची हवा कुठल्याही परिस्थितीत बंद करू नका. साध्या चाळीत २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता राहिली तर कांदा बरा टिकतो. ढिगाच्या मध्यात एक थर्मामीटर दोरीला बांधून सोडून ठेवता आला तर बघा. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वाढत चाललंय असं दिसलं तर तो भाग आधी उपसून निवडायला घ्या.